कोंबड्यांना पाला घालताय? या चुका टाळा

मका आणि सोयापेंडीचे भाव चढले की सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मोहोळ भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "शेवग्याचा पाला सुरू केला तर खाद्य निम्म्यावर आणता येईल का?" नाही येणार. पाला जरूर घाला, मी रोज घालतो. पण त्याच्या भरवशावर भरडा, म्हणजे दळलेलं खाद्य, कमी करू नका. का, ते आकड्यांत बघू.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिनं धरली तर तिच्या पोटात १९ ते २० ग्रॅम प्रथिनं जातात. आता लसूणघास हा हिरवा चारा घ्या. "घासात २० टक्के प्रथिनं" असं सगळेच सांगतात, पण तो आकडा वाळलेल्या घासाचा. ओल्या घासात पाचातले चार भाग पाणी असतं, म्हणजे प्रथिनं उरली जेमतेम ४ टक्के. तेवढीच १९ ग्रॅम प्रथिनं घासातून द्यायची तर पावणेपाचशे ग्रॅम घास लागेल. दीड किलोच्या गावरान कोंबडीला तो मावणार कुठे? गळ्याखालची पिशवी गच्च भरलेली दिसते, आपल्याला वाटतं पोट भरलं, आणि थोड्याच दिवसांत अंडी उतरतात. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीत तर शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणीच. शिवाय कोंबडी रवंथ करत नाही. पाल्यातला चोथा गाईला पचतो तसा तिला पचत नाही.

त्यामुळे पाल्याचा हिशोब नेहमी वाळलेल्या वजनावर करा. शेवग्याचा वाळलेला पाला यात सगळ्यात सरस, त्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास भरतात. तरी १०० किलो खाद्यात ५ किलोच्या वर मी जात नाही. लसूणघासाच्या भुकटीलाही हीच मर्यादा ठेवा. त्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, प्रमाण वाढलं की वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. शेवग्यात भरपूर कॅल्शियम असतं असं वाचून मी शिंपल्यांचा चुरा बंद केला होता. एके सकाळी खुराड्यात हात घातला, अंडं उचललं आणि बोटांखाली कवच दबलं. फुटलं नाही, नुसतं आत गेलं. त्या आठवड्यात अशी बरीच अंडी निघाली. मग हिशोब मांडला. वाळलेल्या शेवग्यात कॅल्शियम साधारण २ टक्के. तो खाद्यात ५ टक्के घातला तर त्यातून मिळालं फक्त ०.१ टक्का, आणि अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात लागतं साडेतीन ते चार टक्के. शिंपले वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. पालकाचा तर कॅल्शियमसाठी उपयोगच धरू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

मग पाला घालायचा तरी कशाला? बलकासाठी. हिरव्या पानातल्या पिवळ्या रंगद्रव्यानं बलक गडद होतो. सोलापूरच्या बाजारात गावरान अंड्याचं गिऱ्हाईक बलकच बघतं. साधारण दहा दिवसांत फरक दिसतो. जीवनसत्त्व 'अ'चा फायदाही मोठा आहे. पण या दोन्ही गोष्टी उन्हात उडून जातात, आणि आपल्याकडे सर्रास होते ती चूक हीच: पाला माळवदावर पसरायचा आणि संध्याकाळी तपकिरी झाला की पोत्यात भरायचा. सावलीत, पातळ थर करून वाळवा. एप्रिलच्या आपल्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. पान हिरवंच राहिलं पाहिजे आणि मुठीत चुरलं की कुरकुरलं पाहिजे. दमट भरलं तर बुरशी येते. असा पाला थोडाही वापरू नका, उकिरड्यावर टाका.

काही पाले मात्र विचार करूनच. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यानं वाढ खुंटते, अंडी घटतात. पिल्लांना तो देऊच नका. ज्वारी काढल्यावर बुडख्याला येणारे कोवळे फुटवे, त्यातही पाण्याअभावी सुकलेले, विषारी ठरतात. गुरांना किराळ (विषबाधा) लागते ती यानंच. कोंबड्या त्या रानात सोडू नका. कांद्याच्या हंगामात पात फुकट मिळते म्हणून पाट्याच्या पाट्या टाकू नका, जास्त झाली तर रक्त कमी होतं. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेतला पाला तर नकोच, फवारणीची खात्री कोण देणार? बाजारातून आणलेली मेथी-कोबीची पानंही मी दोन पाण्यांतून काढल्याशिवाय घालत नाही.

शीट पातळ आणि हिरवी दिसू लागली तर दोन दिवस ओला पाला थांबवा. गळ्याखालची पिशवी सकाळीही कडक लागली तर पाल्याचे तुकडे लांब राहिले असं समजा. बोटाच्या पेराएवढा चिरा आणि बारीक खडे समोर ठेवा.

वेळेचंही भान हवं. सकाळी थंडाव्यात आधी भरडा, पाला दुपारी. पारा ४२ वर गेला की कोंबड्या भरड्याकडे फिरकत नाहीत, पण डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या ओल्या जुडीला टोचायला उठतात, थोडं पाणीही पोटात जातं. संध्याकाळी जुडी उतरवून उरलेली पानं शेळीपुढे टाका, रात्रभर शेडमध्ये कुजू देऊ नका.