संपादक गुंतवणूकदार होतो तेव्हा: अशी कारकीर्द कशी अभ्यासावी

संपादकाची खुर्ची सोडून वृत्तपत्रे विकत घेण्याच्या व्यवसायात शिरलेल्या माणसावर दीर्घ लेख लिहायचा असेल, तर त्याच्या स्वभावापासून सुरुवात करू नये. असा माणूस कोणाला तारणहार वाटतो तर कोणाला टोळधाड, आणि दोन्ही बाजूंकडे मुलाखती द्यायला उत्सुक माणसे भरपूर असतात. सुरुवात हिशेबापासून करावी. उदाहरणासाठी डेव्हिड माँटगोमेरी यांची कारकीर्द घेऊ. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि लंडनच्या ‘डेली मिरर’च्या उपसंपादकांच्या टेबलावर धंदा शिकलेला हा माणूस पुढे नॉर्वेपासून नेदरलँड्सपर्यंत वृत्तपत्रे खरेदी करत गेला.

आधी एका वहीचे पान मधोमध दुभागावे. डाव्या बाजूला वर्ष, व्यवहार, किंमत आणि पैसा कोणाचा हे लिहावे. उजव्या बाजूला त्याच वर्षी वृत्तकक्षात काय घडले ते लिहावे. डावी बाजू भरताना ‘पैसा कोणाचा’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नये, कारण ‘गुंतवणूकदार’ या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या भूमिका दडलेल्या असतात. माँटगोमेरी १९८५ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे आणि १९८७ मध्ये ‘टुडे’चे संपादक झाले, तेव्हा ते रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीचे नोकर होते. १९९२ मध्ये ते ‘मिरर ग्रुप’चे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हाही ते पगारीच होते, मात्र मालकाच्या जागी या वेळी बँका होत्या, कारण समूहाचे आधीचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर त्यांनी कर्जापोटी तारण ठेवलेले समभाग बँकांच्या हाती आले होते आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीला मोठे भगदाड पडलेले होते. खऱ्या अर्थाने खरेदीदाराची भूमिका सुरू होते ती २००० मध्ये स्थापन केलेल्या ‘मेकॉम’ या कंपनीपासून, आणि तिथेही पैसा प्रामुख्याने भागधारकांचा आणि बँकांचा. आपल्याकडे केसरी किंवा सकाळच्या इतिहासामुळे संपादक-मालक ही जोडी परिचयाची आहे. पण स्वतःचे पत्र चालवणारा संपादक आणि इतरांची पत्रे इतरांच्या पैशाने घेणारा माजी संपादक यांना एकाच पंक्तीत बसवले की लेख पहिल्याच परिच्छेदात घसरतो.

किंमत कशी वाचावी हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘नॅशनल वर्ल्ड’ ही माँटगोमेरी यांची कंपनी २०१९ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदवली गेली, तेव्हा तिच्याकडे एकही वृत्तपत्र नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये तिने ‘द स्कॉट्समन’ आणि ‘यॉर्कशायर पोस्ट’ यांच्यासह जुन्या ‘जॉन्स्टन प्रेस’ची उरलेली पत्रे १ कोटी २ लाख पौंडांना घेतली. हा आकडा जसाच्या तसा छापून पुढे जाऊ नये. त्यातले ५२ लाख पौंडच सुरुवातीला द्यायचे होते. उरलेले ५० लाख पुढच्या दोन वर्षांत दोन हप्त्यांत द्यायचे ठरले होते, म्हणजे विकत घेतलेल्या पत्रांच्या कमाईतून त्यांचीच किंमत फेडण्याची सोय झाली. मग मागे जावे: त्याच जॉन्स्टन प्रेसने केवळ ‘स्कॉट्समन’ समूहासाठी २००६ च्या सुमारास १६ कोटी पौंड मोजले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की छापील वृत्तपत्रांची पंधरा वर्षे दोन ओळींत दिसतात, आणि खरेदीदाराच्या हुशारीचे श्रेय किती व पडत्या बाजाराचे किती, हा प्रश्न वाचकालाच पडतो. पौंडांचे रुपये मात्र आजच्या दराने करू नयेत.

विक्रीची नोंद खरेदीइतकीच काळजीने करावी. माँटगोमेरी यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये उभी राहिलेली ‘लोकल वर्ल्ड’ ही स्थानिक पत्रांची कंपनी २०१५ मध्ये ‘ट्रिनिटी मिरर’ने घेतली, तेव्हा तिचे मूल्य २२ कोटी पौंड धरले गेले, भागधारकांच्या दृष्टीने हा यशाचा अध्याय आहे आणि तो तसाच लिहावा. मेकॉमची कथा वेगळी आहे. नॉर्वेतील ऑर्क्ला आणि नेदरलँड्समधील वेगेनर या वृत्तपत्रसमूहांसारख्या मोठ्या खरेद्या कर्जावर उभ्या होत्या, २००८ ची मंदी आली आणि कर्ज हलके करण्यासाठी २००९ मध्ये जर्मनीतला सगळा व्यवसाय १५ कोटी २० लाख युरोंना विकावा लागला.

आता उजवी बाजू. इथे लेखक सहसा आठवणींवर विसंबतात, आणि कडवटपणा पुराव्याची जागा घेतो. ब्रिटनमधल्या कंपन्यांची हिशेबपत्रे ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांतली पहिली चकचकीत पाने सोडून थेट मागच्या टिपांकडे जावे, कारण वर्षभरातील कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या तिथे द्यावी लागते आणि पुष्कळदा ती विभागवार असते. संपादकीय विभागाचा आकडा वर्षागणिक उतरवून घ्यावा. मात्र त्याच वर्षी एखादे पत्र विकले गेले असेल, तर झालेली घट कपात म्हणून मोजू नये. ही चूक मी स्वतः केली आहे आणि एक अख्खा परिच्छेद मागे घेतला आहे.

आकड्यांच्या सोबतीला एक-दोन प्रसंग पुरतात, पण ते नोंदलेले असावेत. ‘मिरर’मधील कपातीच्या काळात, १९९३ मध्ये, स्तंभलेखक पॉल फूट यांनी आपले पान स्वतःच्याच व्यवस्थापनाविरुद्ध लिहिले. ते छापायला नकार मिळाला, तेव्हा त्यांनी त्याच्या प्रती लोकांना वाटल्या आणि नोकरी सोडली. बर्लिनचा प्रसंग मला याहून महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये ‘बर्लिनर त्साइटुंग’ हे तिथले दैनिक मेकॉम आणि तिच्या भागीदारांकडे गेले; त्याच वर्षी जर्मन राजकारणात वित्तीय गुंतवणूकदारांना ‘टोळ’ म्हणण्याची प्रथा पडली होती, त्यामुळे निषेध अपेक्षितच होता. परंतु पुढे योझेफ डेपेनब्रॉक हे एकच गृहस्थ मुख्य संपादक आणि व्यवस्थापकीय संचालक अशा दोन्ही खुर्च्यांवर बसले, आणि संपादकीय कर्मचारी न्यायालयात गेले. संपादकाने पैशाची बाजू घेतली म्हणजे नेमके काय होते, हे दाखवणारा याहून नेमका तपशील मिळणे अवघड आहे.

ज्याच्याविषयी लिहायचे त्याची बाजू जाणून घेताना ‘तुम्ही पत्रकारितेशी द्रोह केला का?’ असला प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर तयार असते. त्याऐवजी अमुक वर्षी अमुक पत्रात उपसंपादकांचे टेबल बंद केले, तेव्हा मथळे कोण तपासत होते, असे विचारावे. पूर्वी ते काम स्वतः केलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याच्याकडे खरोखर उत्तर असेल तर तेही इथेच मिळते.

शेवटी तारखा पुन्हा ताडून पाहाव्यात: करार जाहीर झाल्याची तारीख आणि पूर्ण झाल्याची तारीख यांत कधी कधी काही महिन्यांचे अंतर असते. नॅशनल वर्ल्डचेच पाहा. तिच्यासाठी ‘मीडिया कन्सीर्ज’ या तिच्या सर्वांत मोठ्या भागधारकाचा समभागामागे २३ पेन्सचा, म्हणजे एकूण सुमारे साडेसहा कोटी पौंडांचा प्रस्ताव मान्य झाला, पण व्यवहार पुरा झाला २०२५ मध्ये. माँटगोमेरी यांच्या नावाचा रकाना तिथे बंद करावा आणि नव्या मालकाच्या नावाने वहीत पुढचे पान उघडावे.