तुळशीचा चहा: पानं उन्हात घालू नका

‘तुळशीची पानं कडक उन्हात वाळवा’ असं कुठे वाचलंत तर तो सल्ला तिथेच सोडा. जळगाव-धुळ्याकडे तर नकोच नको.

काळ्या, म्हणजे कृष्ण तुळशीचा चहा तिखट होतो, हिरव्या राम तुळशीचा जरा सौम्य. मंजिऱ्या फुटण्याआधी, सकाळी दव सुकल्यावर शेंडे खुडा. (आमच्याकडे रविवारी आणि द्वादशीला कोणी हात लावत नाही. तुमचं तुम्ही बघा.) धुऊन पाणी झटका.

आता वाळवणं. इथे मी दोनदा आपटलोय. पहिल्यांदा मे महिन्यात, कुरडयांच्या शेजारी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, पानं पसरली. ४४ अंशांचं ऊन. संध्याकाळी पानं कुरकुरीत, मी खूश. आजीने चिमूटभर चुरून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "वास उडी गया, आते काय ऱ्हायनं?" खरंच, कडब्यासारखा वास. तुळशीत लवंगेसारखा दरवळ येतो तो युजेनॉलमुळे. लवंगेतही तेच असतं, आणि उष्णतेने ते उडून जातं. पुढच्या खेपेला श्रावणात सावलीत वाळवली, पण ढीग करून. तिसऱ्या दिवशी ढीग उचकला तर आतली पानं काळी, चिकट, वर पांढरी बुरशी. सगळी उकिरड्यावर.

म्हणून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वाळवा. अंधाऱ्या खोलीत खाटेवर जुनं सुती धोतर अंथरा, पानं एकावर एक येऊ न देता पसरा, रोज एकदा परता. घाई म्हणून पंखा चालेल, ऊन नाही. चार-पाच दिवसांनी देठ वाकवून बघा: कट्‌कन मोडला तर झालं, नुसता वाकला तर आणखी एक दिवस. काचेच्या बरणीत पानं अख्खीच भरा. आधीच चुरून ठेवलेली तुळस महिन्याभरात मुकी होते.

चहा सोपा आहे. कपभर पाण्याला चमचाभर सुकी किंवा दहा-बारा ताजी पानं. सुंठ, मिरी घालायची तर ती आधी उकळा. मग गॅस बंद, तुळस आत, लगेच झाकण, सात मिनिटं. तुळस खळाखळा उकळून काढा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. घरभर वास सुटतो म्हणजे कपात राहत नाही. झाकणाला आतून जमलेले थेंबही कपातच झटका. मध घालायचा तर कोमट झाल्यावर.

सर्दी, खोकला, बसलेला घसा यांवर पिढ्यान्‌पिढ्या हाच चहा पितात आणि घशाला बरं वाटतं. न्यूमोनिया मात्र याने जात नाही. ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मे महिन्यात बरणी फडताळातच राहू द्या. तुळस उष्ण मानतात. तेव्हा आमच्याकडे तिच्याच भाऊबंदाचं बी, सब्जा, भिजत असतो.