वॉश आणि इंक: मिनिएचर मळकट करणाऱ्या या चुका टाळा

मिनिएचर, म्हणजे रंगवायची छोटी मूर्ती. तिचा बेसकोट (पहिला एकसारखा रंग) नीट बसलेला असतो, रंग स्वच्छ असतात, आणि वॉश, म्हणजे खाचांत सावली पाडणारा पातळ रंग, लावला की तेच मिनिएचर मळकट दिसायला लागतं. खोबणीत सावली पडायच्या ऐवजी अंगभर डाग उमटतात. बाटलीचा दोष क्वचितच असतो. वॉश स्वतःहून सावल्या पाडतो अशा समजुतीने तो फासला जातो आणि मॉडेल सुकायला बाजूला ठेवलं जातं, तिथे बिघडतं. वॉश ओला असतानाची पहिली दोन-तीन मिनिटं तुमची असतात. त्या वेळात ब्रश हातातून खाली ठेवायचा नाही.

वॉश आणि इंक एकच समजणं

वॉशमध्ये रंगद्रव्य थोडं आणि मीडियम, म्हणजे रंग नसलेलं पारदर्शक माध्यम, भरपूर असतं. शिवाय पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा घटक असतो, त्यामुळे तो थेंब होऊन न बसता खाचांकडे पळतो. सिटाडेल कंपनीचा ‘नल्न ऑइल’ किंवा आर्मी पेंटर कंपनीचा ‘स्ट्राँग टोन’ हे वॉश या जातीचे. नावात ऑइल असलं तरी नल्न ऑइल पाण्यावर आधारित अॅक्रिलिकच आहे. ब्रश धुवायला साधं पाणी पुरतं.

अॅक्रिलिक इंकचा स्वभाव वेगळा. त्यात अतिशय बारीक दळलेलं रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. पातळ असूनही त्याचा रंग तीव्र चढतो आणि सुकल्यावर बहुतेक वेळा चकाकतो. ते बाटलीतून थेट अंगावर ओतलं तर खालचा बेसकोट पार झाकोळतो. सुरुवातीला एक थेंब इंकला चार-पाच थेंब मॅट (बिनचकाकीचं) मीडियम घ्या आणि आधी एखाद्या जुन्या मॉडेलवर लावून बघा. फाउंटन पेनच्या शाईच्या वाटेला जाऊ नका. ती बहुधा विरघळणाऱ्या रंगाची असते. पाणी लागलं की पसरते आणि उजेडात फिकी पडत जाते.

वॉश पातळ करायला नुसतं पाणी ओतत राहणं ही याच चुकीची धाकटी बहीण. रंग धरून ठेवणारा घटक विरळ होतो, पृष्ठताण वाढतो, आणि सुकल्यावर ठिपके व कडा राहतात. थोड्या पाण्याने बिघडत नाही. जास्त पातळ हवा असेल तर मीडियमच वापरा.

तळी साचू देणं

सगळ्यात जास्त मॉडेल्स इथे खराब होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पाठीवर लांब झगा घेतलेला जादूगार डोळ्यांसमोर आणा. ब्रश भरून वॉश लावला की झगा काही सेकंद सारखा ओला आणि फार छान दिसतो. मग वॉश खाली उतरायला लागतो. घड्यांच्या तळाशी आणि झग्याच्या खालच्या काठावर थेंब जमतात. वर सपाट भागावर उथळ तळं राहतं आणि त्याची कड आधी सुकायला लागते. कडेला पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतं. शेवटी मध्ये फिकं आणि भोवती गडद वर्तुळ उरतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाला काळपट कड येते तीही याच कारणाने. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ही प्रक्रिया उलगडून दाखवली होती.

उपाय अगदी साधा आहे. दुसरा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवा आणि टिशूवर टिपून नुसता दमट ठेवा. त्याचं टोक साचलेल्या थेंबाला टेकवलं की ब्रश जादा वॉश स्वतः शोषून घेतो. टिशूला पुसा, पुन्हा टेकवा. मांडीच्या आतली बाजू, काख, झग्याचा काठ आणि बेसला (मॉडेलखालच्या चकतीला) टेकलेले पाय या जागा दर वेळी तपासा. एका दमात अख्खं मॉडेल भिजवू नका. आधी झगा, मग चिलखत, मग चेहरा असं करा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी टिपायला वेळ मिळतो.

घाईने हेअर ड्रायर लावला तर हवेच्या झोताने वॉश नको तिथे ढकलला जातो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवणं. वर पापुद्रा आलेला असतो, तो फाटतो आणि खडबडीत चट्टा उरतो. एकदा चिकटपणा आला की हात काढून घ्या. अर्धा तास थांबा. जाड थर असेल तर आणखी.

सगळीकडे एकच पद्धत

साखळी चिलखत, केस, फर, हाडं, दोरखंड यांवर खुशाल पूर्ण वॉश फिरवा. खाचा दाट असल्याने साचलेलं लपून जातं. ढाल, खांद्यावरची गुळगुळीत पाटी, रथाच्या फळ्या अशा सपाट जागी तोच हात चालत नाही. तिथे टोकदार ब्रशवर थोडाच वॉश घ्या आणि फक्त सांध्याच्या रेषेत, रिव्हेटभोवती सोडा. रेषेबाहेर गेलं तर दमट ब्रशने लगेच ओढून घ्या. आधी चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिलेला असेल तर वॉश रेषेत आणखी सहज धावतो, कारण खरखरीत मॅट पृष्ठभागासारखा चकचकीत थर रंग धरून ठेवत नाही.

प्रत्येक रंगावर काळा

काळा वॉश चांदी-लोखंडावर शोभतो. पिवळ्यावर तो हिरवट, आजारी दिसतो, तिथे सेपिया किंवा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी घ्या. सोन्याला तपकिरी, मानवी त्वचेला लालसर तपकिरी, लाल कापडाला गडद लाल किंवा जांभळट. हाडांवर मातकट तपकिरीला तोड नाही.

वॉशने पूर्ण रंग एक पायरी खाली उतरतो हेही आधीच धरून चाला. बेसकोट हवा त्यापेक्षा थोडा उजळ ठेवा. वॉश पूर्ण सुकल्यावर तोच बेसकोटचा रंग उंचवट्यांवर परत लावा आणि खाचा तशाच सोडा. माझ्या मते नवशिक्याला सगळ्यात जास्त फळ देणारी हीच पायरी आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

बिघडलंच तर

डाग ताजा असेल तर स्वच्छ ओल्या ब्रशने पसरवून टिपून घ्या. सुकलेला डाग घासू नका, बेसकोट निघेल. बेसकोटचाच रंग पातळ करून दोन-तीन हात द्या, कड बुजते.

खाचांत पांढुरका थर दिसला तर बाटली नीट हलवली नव्हती किंवा वॉश फार जाड साचला, असं बहुधा निघतं. वॉशमधला चकाकी घालवणारा घटक तळाशी बसतो आणि एकाच जागी गोळा होतो. त्या जागी आधी चकचकीत व्हार्निश लावा, पांढरेपणा बहुतेक वेळा नाहीसा होतो, मग वरून मॅट. इंकची नको असलेली चकाकीही मॅट व्हार्निशनेच जाते. मात्र धातूचे रंग त्याखाली मंद पडतात, म्हणून तलवारीचं पातं आणि शिरस्त्राण यांच्यावर शेवटी ब्रशने धातूच्या रंगाचा बारीक हायलाइट (उजळ रेघ) पुन्हा द्या.