गल्लीतल्या कॅरमकडून स्पर्धेच्या बोर्डाकडे

मंडळाच्या मंडपात किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर रंगणाऱ्या कॅरममध्ये ज्याच्या सोंगट्या जास्त पडतात तो चांगला खेळाडू. स्पर्धेत समोरची सोपी सोंगटी सगळेच घेतात. तिथे फरक पडतो तो एक सोंगटी पडताना बाकीच्यांचं काय झालं यावर. स्ट्रायकर दरवेळी उचलून बेसलाइनवर, म्हणजे आपल्या बाजूच्या दोन समांतर रेघांवर, ठेवायला मिळतो, पण त्याने जाता जाता विस्कटलेल्या सोंगट्या तशाच राहतात. गल्लीतला खेळाडू सोंगटी घेतो, स्पर्धेतला बोर्ड, म्हणजे अख्खा डाव, संपवतो. सराव या दुसऱ्या गोष्टीचा करायचा आहे.

आधी साहित्य, कारण चुकीच्या बोर्डावर बसलेला हात सोडवताना महिने जातात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खेळण्याची जागा 73.5 ते 74 सेंटिमीटर चौरस असते, पॉकेटचा व्यास सुमारे 4.45 सेंटिमीटर. सोंगटी 5 ते 5.5 ग्रॅमची, व्यास 3.02 ते 3.18 सेंटिमीटर. स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅम आणि 4.13 सेंटिमीटर. मुलांसाठी आणलेल्या लहान बोर्डावर कट (सोंगटीच्या बाजूला लागून तिला तिरकं पाठवणारा फटका) शिकलात, तर मोठ्या बोर्डावर प्रत्येक कट तोकडा पडेल. प्लायवूड किमान 8 मिलिमीटर जाड हवं. बोर्ड घेताना स्ट्रायकर पूर्ण ताकदीने समोर मारून बघा, आडव्या बाजूनेही बघा. साडेतीन फेऱ्या झाल्या तर पृष्ठभाग ठीक आहे. स्ट्रायकर वाटेत एका बाजूला वळत असेल तर आधी स्टँड समतल आहे का ते तपासा. तरीही वळत असेल तर प्लायवूड वाकलंय, तो बोर्ड घेऊ नका.

पावडर बारीक बोरिकची वापरा, आणि थोडीच. चिमूटभर टाकून कोरड्या कापडाने सगळीकडे पसरवा. ढीग राहिले की हळू मारलेली सोंगटी तिथे अडते आणि दोष नेमाला दिला जातो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लाकूड ओल धरतं. बोर्डावर शेडसकट लावलेला दिवा नुसता उजेडासाठी नसतो, जुन्या पिवळ्या बल्बची ऊब पृष्ठभाग कोरडा ठेवायची. एलईडी लावला असेल तर खेळण्याआधी बोर्ड जास्त वेळ पुसावा लागतो. खेळून झाल्यावर हात धुवा, बोरिक पोटात जाण्याची वस्तू नाही.

आता हात. तर्जनीने मारा किंवा तर्जनी-मध्यमेची कात्री करून मारा, दोन्ही पद्धतींचे अव्वल खेळाडू आहेत. एक निवडा आणि किमान सहा महिने बदलू नका. नखाची बाजू स्ट्रायकरला जवळजवळ टेकलेली असावी. बोट लांबून आणून टिचकी मारली की ते दरवेळी वेगळ्या ठिकाणी लागतं आणि स्ट्रायकर तिरका सुटतो. बाकीची बोटं बोर्डावर टेकलेली, मनगट स्थिर. स्ट्रायकर ढकलला तर फाउल, तो मारलाच पाहिजे. अंगठ्याने मारायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे, आणि आपल्या बेसलाइनजवळ पडलेल्या सोंगट्यांसाठी अंगठा शिकून घेतलाच पाहिजे. बरेच जण हा कंटाळवाणा सराव टाळतात आणि नेमक्या शेवटच्या सोंगटीला अडकतात.

घरी सहसा न पाळले जाणारे काही नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनला स्पर्श करून ठेवायचा. टोकाच्या गोलावर ठेवायचा असेल तर गोल पूर्ण झाकायचा, अर्धवट चालत नाही. मारताना हाताने बाणाची रेघ ओलांडायची नाही. बोर्ड चालू असताना खुर्ची सरकवायची नाही. आणि एका फटक्याला 15 सेकंदच. घरी मित्राला घड्याळ धरायला सांगून खेळा, सुरुवातीला ही मुदत फारच थोडी वाटते.

नेमाची सगळ्यात मोठी चूक मापात आहे. नवखा खेळाडू सोंगटीच्या कडेवरचा बिंदू ठरवतो आणि स्ट्रायकरचा मध्य त्या बिंदूकडे मारतो. पण स्ट्रायकरचा मध्य तिथे पोचूच शकत नाही, आधी त्याची कड लागते. सोंगटीची त्रिज्या साधारण 1.55 आणि स्ट्रायकरची 2.05 सेंटिमीटर. म्हणजे आदळण्याच्या क्षणी स्ट्रायकरचा मध्य सोंगटीच्या मध्यापासून 3.6 सेंटिमीटर मागे, पॉकेटच्या बरोब्बर उलट दिशेला हवा. सरावात तिथे दुसरा स्ट्रायकर सोंगटीला चिकटवून ठेवा, डोळ्याने जागा टिपा, तो उचला आणि मग मारा. आठवडाभरात कट जाड लागणं बरंच कमी होतं. रिबाउंडलाही हीच गफलत होते. स्ट्रायकरचा मध्य फ्रेमपासून 2 सेंटिमीटर अलीकडूनच वळतो, त्यामुळे कोन मोजायचा तो फ्रेमच्या रेषेवरून नव्हे, त्या अलीकडच्या रेषेवरून.

जोराबद्दल थोडं सविस्तर. स्ट्रायकर सोंगटीच्या तिप्पट जड आहे, म्हणून अगदी सरळ टक्कर झाल्यावरही तो थांबत नाही, साधारण निम्म्या वेगाने पुढे जातो, सोंगटी दीडपट वेगाने. घर्षणामुळे कापलेलं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणजे मोकळी सोंगटी जितकी धावेल त्याच्या सुमारे एक-नवमांश स्ट्रायकर तिच्या मागे जाईल. टक्करीत थोडी ऊर्जा जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त. सोंगटी पॉकेटपासून 36 सेंटिमीटरवर असेल आणि ती जेमतेम पडेल एवढाच जोर लावला, तर स्ट्रायकर चार-सहा सेंटिमीटर जाऊन थांबतो. तोच फटका दणकून मारला तर स्ट्रायकर सोंगटीपाठोपाठ पॉकेटमध्ये, आणि वर ड्यू, म्हणजे दंड म्हणून आपली एक सोंगटी परत बोर्डावर. सरळ सोंगटीवर ड्यू का जातो हे कोडं अनेकांना वर्षानुवर्षं सुटत नाही. उपाय दोनच: हळू मारा, नाहीतर स्ट्रायकर बेसलाइनवर थोडा सरकवून बारीक कट द्या म्हणजे तो बाजूला निघून जाईल.

सराव रोज तासभर पुरतो, पण मोजून. पहिली वीस मिनिटं एकच फटका: मोठ्या वर्तुळाच्या रेषेवर सोंगटी ठेवा, एकाच पॉकेटमध्ये वीसदा मारा, किती पडल्या ते वहीत लिहा. वीसपैकी सतरा सलग तीन दिवस जमले की जागा बदला. पुढची वीस मिनिटं फक्त नऊ पांढऱ्या विखरून ठेवा आणि किती फटक्यांत बोर्ड रिकामा होतो ते मोजा. बारा फटक्यांत जमू लागलं की काळ्या टाका. इथे संख्या एकदम वाढते, निराश होऊ नका, खरा खेळ इथूनच सुरू होतो. उरलेला वेळ ब्रेकला, म्हणजे सुरुवातीची मांडणी फोडणाऱ्या पहिल्या फटक्याला. मधे क्वीन, भोवती सहा आणि त्याभोवती बारा सोंगट्या आलटून पालटून, पांढऱ्यांचा इंग्रजी वाय दिसेल अशा. ही मांडणी घट्ट लावा, फट राहिली की जोर वाया जातो. वाय कुठे वळवायचा, स्ट्रायकर कुठून मारायचा हे एकदा ठरवून तोच ब्रेक शेकडो वेळा मारा. ब्रेकच्या पाळीतच सगळ्या पांढऱ्या आणि क्वीन घेऊन बोर्ड संपवणं म्हणजे व्हाइट स्लॅम. स्पर्धांत तो होतो, पण त्यामागे लागून सोंगट्या चौफेर उधळणं महागात पडतं. दोन सोंगट्या पडून बाकीच्या मोकळ्या झाल्या तरी ब्रेक उत्तम.

डावपेचात पहिली गोष्ट: पॉकेटच्या तोंडाशी असलेली आपली सोंगटी लगेच घेऊ नका. ती कुठे पळत नाही, शिवाय प्रतिस्पर्ध्याचं ते पॉकेट अडवून धरते. त्याने ती पाडली तर ती आपलीच गेली आणि त्याची पाळी संपली. अशी सोंगटी क्वीनच्या कव्हरसाठी, म्हणजे क्वीन पक्की करायला तिच्यामागून पाडायची आपली सोंगटी म्हणून, ठेवणं सर्वांत उत्तम. क्वीन घेण्याआधी निदान एक सोंगटी पडलेली हवी, आणि क्वीननंतर लगेचच्या फटक्यात कव्हर. कव्हर दिसत नसताना क्वीनला हात घालणं म्हणजे तिला मधोमध परत नेऊन प्रतिस्पर्ध्यासमोर मांडणं. क्वीन बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी पाडली तर बोर्डच जातो, म्हणून तीन सोंगट्या उरल्या की क्वीनचा निर्णय झालेला हवा.

अडलेल्या सोंगट्या, फ्रेमला चिकटलेल्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या मागे दडलेल्या, आधी सोडवा. पाळी हातात असताना, सोपी सोंगटी घेता घेता त्याच फटक्यात स्ट्रायकरने अडलेलीला धक्का देणं ही मधल्या आणि वरच्या पातळीमधली खरी पायरी आहे.

गुणांचा हिशोब तोंडपाठ हवा. गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा, सामना तीनपैकी दोन गेमचा. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण, क्वीन त्याने घेतली असेल तर आणखी 3. पण 22 गुण झाल्यावर क्वीनचे 3 मिळत नाहीत. सात बोर्ड झालेत, तुम्ही 20, समोरचा 18 असं समजा. नवखा इथे बोर्ड जिंकायला धावतो. जाणता आधी क्वीन घेऊन कव्हर करतो आणि मग आपल्या सोंगट्या कमी करत जातो. प्रतिस्पर्ध्याने बोर्ड जिंकला तरी तुमची एकच सोंगटी उरली असेल तर त्याचे 19 होतात आणि बोर्ड हरूनही गेम तुमचा. दोन उरल्या तर 20-20 आणि जादा बोर्ड. आणि तुम्हीच 18 वर असाल, तर बोर्ड क्वीनसकट जिंकला की त्याची एक सोंगटी उरली तरी पुरे. क्वीन त्याच्याकडे गेली तर त्याच्या किमान तीन उरायला हव्यात.