हरळीचं मैदान: मशीन काढण्याआधी माती वळून बघा

सांगलीच्या काळ्या जमिनीवरचं हरळीचं मैदान, गोल्फचं असो की शाळेचं, पावसाळ्यात बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्याच पायांमुळं. ओली काळी माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. मूठभर माती घेऊन वळा. लाडू झाला आणि बोटांना चिकटला, तर त्या दिवशी गवत कापायचं मशीन आतच राहू द्या. मी एकदा जुलैत घाई केली. चाकांच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत पाहुण्यांना दिसत होत्या.

उघडीप मिळाली की कापा, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पातं धारदार हवं. बोथट पात्यानं टोकं पिंजतात आणि दोन दिवसांत मैदान पांढुरकं दिसायला लागतं.

लव्हाळा हे तण नुसतं उपटून जात नाही, जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की खुरप्यानं गाठीसकट काढा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

२०१९ च्या ऑगस्टसारखं कृष्णेचं पाणी चढलंच, तर ओसरल्यावर गाळ कडक व्हायच्या आत खरवडून काढा.

पाऊस गेल्यावर बागकामाच्या दातेरी काट्यानं जमिनीत भोकं पाडून त्यात चाळलेली वाळू भरा. थंडीत हरळी मंदावते, पिवळट पडते. घाबरून युरिया ओतू नका. उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा अधूनमधून पहाटे भरपूर पाणी द्या. स्क्रूड्रायव्हर वीतभर सहज घुसला, की पुरे.