द्विपद विस्तारातून अज्ञात स्थिरांक कसे काढायचे?

द्विपद प्रमेयाचं सूत्र तोंडपाठ असलेली मुलंही या प्रश्नापाशी हमखास अडतात, कारण इथे विस्तार दिलेला असतो आणि मूळ कंस शोधायचा असतो. एक उदाहरण घेऊ. (^ या खुणेपुढे घातांक आहे.)

(१ + अय)^न = १ + २४य + २५२य^२ + …

यातले अ आणि न काढायचे आहेत.

पायरी १. पहिली तीनच पदं लिहा. अज्ञात दोन आहेत, म्हणजे समीकरणंही दोनच लागतील. पूर्ण विस्तार मांडत बसू नका.

(१ + अय)^न = १ + न(अय) + [न(न − १)/२](अय)^२ + …

कंस मुद्दाम ठेवलेत. ते का, हे पुढे येईलच.

पायरी २. सहगुणक जुळवा. दोन्ही बाजू एकाच राशीच्या असल्यामुळे य च्या प्रत्येक घाताचा सहगुणक दोन्हीकडे सारखाच असणार.

नअ = २४
न(न − १)अ^२ / २ = २५२

पायरी ३. समीकरणं सोडवा. बहुतेक जण इथे अ = २४/न असं घालून अपूर्णांकांत शिरतात. उत्तर तसंही येतं, पण मला पुढची वाट जास्त आवडते. न(न − १)अ^२ म्हणजे नअ × (नअ − अ). नअ तर हातात आहेच:

२४ × (२४ − अ) = ५०४
२४ − अ = २१

म्हणून अ = ३ आणि न = ८.

पायरी ४. ताळा करा. न = ८ असताना तिसऱ्या पदाचा गुणक ८ × ७ / २ = २८, आणि २८ × ९ = २५२. जमलं. हा २८ आपल्याकडे फार जुना आहे. पिंगळाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने मेरुप्रस्तार, म्हणजे आज ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात ती आकड्यांची मांडणी, समजावून सांगितला आहे. त्यातली एक ओळ १, ८, २८, ५६ अशी सुरू होते. आठ अक्षरांच्या चरणात नेमकी दोन गुरू अक्षरं किती प्रकारे बसतील, याचं उत्तरही २८च.

आता त्या कंसांबद्दल. (अय)^२ म्हणजे अ^२य^२. घाईत अय^२ लिहिलं जातं आणि अ चा वर्ग सुटतो. मग दुसरं समीकरण न(न − १)अ / २ = २५२ असं होतं आणि उत्तर येतं न = २२, अ = १२/११. न पूर्णांक आल्यामुळे शंकाही येत नाही. ताळा केला तरच चूक सापडते: २३१ × १४४/१२१ म्हणजे जवळपास २७५, २५२ नव्हे.

दुसरी अडचण चिन्हाची. (२ − कय)^५ मध्ये य^२ चा सहगुणक ७२० आहे, तर क किती? य^२ च्या पदाचा गुणक ५ × ४ / २ = १०, आणि कंसातल्या २ चा उरलेला घात २^३ = ८. म्हणजे १० × ८ × क^२ = ७२०, म्हणून क^२ = ९. इथे नुसतं ३ लिहून थांबू नका, −३ सुद्धा चालतं. य चा सहगुणक −२४० आहे असं सांगितलं असेल, तर ५ × २^४ × (−क), म्हणजे −८०क = −२४० वरून क = ३ हे नक्की होतं.

आणि न ऋण आला तर घाबरू नका. (१ + अय)^न = १ + ६य + २७य^२ + … घ्या. ६ × (६ − अ) = ५४, म्हणून अ = −३ आणि न = −२. ऋण आणि अपूर्णांकी घातांकांसाठीही हा विस्तार चालतो, हे न्यूटनने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं. फरक इतकाच की आता पदं संपत नाहीत, आणि य ची किंमत −१/३ आणि १/३ यांच्या दरम्यान असली तरच मालिका खरी ठरते. ही अट उत्तरात लिहाच. य^३ चा सहगुणक स्वतः काढून बघा. १०८ आला, तर तुमचे अ आणि न दोन्ही बरोबर आहेत.