सोलापूरच्या गच्चीवर स्विस चार्ड

मेथी एकदा उपटली की संपली, पालकही ऊन वाढलं की तुरे काढतो. स्विस चार्ड या पालेभाजीचं तसं नाही. दसऱ्यानंतर पेरलेलं चार्ड आमच्या गच्चीवर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास भरात असतं आणि होळीनंतरही पानं देत राहतं. ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत त्यानं हे लावावंच.

हे बीटाचं सख्खं भावंड, फक्त याचा सगळा जोर कंदात न जाता पानात आणि देठात जातो. बीसुद्धा बीटासारखंच खडबडीत. दिसायला एक, पण खरं तर तो दोन-चार बियांचा झुपका असतो. त्यामुळे एका जागी एकच टाकलं तरी शेजारी शेजारी दोन-तीन रोपं उगवतात. रोपं बोटभर झाली की सगळ्यात दणकट ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कापलेली कोवळी रोपं कांदा-शेंगदाण्याच्या कोशिंबिरीत घाला.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. कुंडी फूटभर खोल हवी, दोन रोपांत नऊ इंच ते फूटभर अंतर.

मातीचं मात्र नीट ऐका. आपली काळी माती एकटी कुंडीत भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. निम्मी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, एवढं पुरतं. वरून उसाचं पाचट पसरा. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पाचटाखालची ओल फार कामाला येते. बोअरचं थोडं खारट पाणी असलं तरी चार्ड कुरकुर न करता वाढतं, बीटाच्या जातीचा हा मोठाच गुण. फेब्रुवारी संपताना हिरवी शेडनेट बांधा.

पानावर फिकट, कागदासारखे चट्टे दिसले तर आत नागअळी आहे. ते पान लगेच तोडून पिशवीत बांधून टाका. मावा आला तर निंबोळी तेल पुरतं.

दोन महिन्यांत तोडणी सुरू. नेहमी बाहेरची पानं बुडाशी कापा, मधली चार-पाच ठेवा. मधला कोंब शाबूत असेल तर झाड फुटत राहतं.

आता खाणं. देठ आणि पान एकत्र शिजवायचं नाही, देठाला वेळ जास्त लागतो. पानांचं गरगट करा: तूरडाळ, मूठभर शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्यांबरोबर शिजवून घोटा, वर लसणाची सढळ फोडणी. देठ बोटभर चिरून जिरं-लसणावर परता, झाकण ठेवून मऊ होऊ द्या, शेवटी शेंगदाण्याचा कूट. लाल देठ डाळीत गेले तर डाळ गुलाबी होते, म्हणूनही ते वेगळेच बरे. पानात ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं, बाकीच्यांनी चाकवतासारखी ताकातली भाजी करून पाहावी. माझ्या घरी ती ज्वारीच्या कडक भाकरीवर ओतून, भाकरी मऊ पडेपर्यंत थांबून खातात.